निम्म्या वाटेवर

मोबाईलच्या दुकानांत यापुढे फक्त सौदी माणसंच कामाला ठेवायची, असा हुकूम निघाला आणि रियाधच्या बत्हा बाजारातली वहाबची नोकरी गेली. धाकटा भाऊ उमैर जेद्दाला एका दुकानात होता. "मलाही कुठंतरी चिकटव," असं धाकट्याला फोनवर म्हणायला वहाबची जीभ रेटेना. न कळवताच तो जेद्दाच्या बसमध्ये बसला.

वाळवंटातल्या कडाक्याच्या थंडीत बस पेट्रोलपंपावर थांबली. चहा घेऊन वहाब वळला, तर जेद्दाहून आलेल्या बसमधून उमैर उतरत होता, पातळ शर्टात कुडकुडत. त्याने धावत येऊन वहाबला मिठी मारली.

"भाई, मला न्यायला तू इथवर आलास? माझी नोकरी गेल्याचं तुला सांगितलं कुणी?"