अठराचा ॲव्हरेज

असीरगडचा घाट उतरायला लागला, तसा वंदनाने क्लच दाबून गिअरचा दांडा मधोमध, न्यूट्रलला आणला. इंजिनाचा आवाज बसला. मागे दीड टन खताची पोती घेऊन पिकअप आपल्या आपण उताराला लागली.

"गिअर टाक," शेजारी बसलेला कौतिक म्हणाला.

"राहू द्या ना उस्ताद. उतारच आहे. फुकटचं डिझल कशाले जाळायचं?"

"गिअर टाक म्हणतो ना!"

कौतिक इतक्या जोरात ओरडला की वंदनाने दचकून दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, पोती दणकली, गाडीचा वेग तुटला. पुढे रस्त्याला जरा जागा होती. तिथे तिने गाडी बाजूला घेतली आणि उभी केली. ऊन मी म्हणत होतं.

बुऱ्हाणपूरच्या वसंतसेठच्या सहा पिकअप होत्या. जाताना केळी खंडव्याला न्यायची, येताना खत आणायचं. दर शनिवारी सेठ मोबाईलच्या ग्रुपवर प्रत्येक गाडीचा ॲव्हरेज टाकायचा. तीन महिने वंदनाची गाडी सगळ्यांत खाली होती. लिटरला तेरा. सेठने तिला बजावलं होतं, महिनाअखेर सोळा नाही दिसला तर चावी दुसऱ्याच्या हातात जाईल. आणि कौतिकला म्हणाला होता, "दोन दिवस बस तिच्यासोबत. तुझी कला शिकव तिले."

कौतिकची कला सगळ्यांना माहीत होती. तीस वर्षं तो याच रस्त्यावर होता. एके काळी त्याची गाडी अठरा द्यायची. सेठचे निम्मे ड्रायव्हर त्याच्याच हाताखाली तयार झाले होते. पण गेली दोन वर्षं त्याचाही ॲव्हरेज पंधराच्या वर जात नव्हता. उस्ताद म्हातारा झाला, असं सेठ म्हणायचा. कौतिक म्हणू द्यायचा. त्याचे गुडघे दुखत, दुपारपर्यंत डोळे जळजळत. रात्रभर झोपूनही तो सकाळी थकलेलाच उठायचा.

सकाळपासून त्याने वंदनाला जमेल तेवढं शिकवलं होतं. निघण्याआधी टायरची हवा बघ. रेस हलकी दे. पुढे गर्दी दिसली की लांबूनच पाय काढ, म्हणजे ब्रेक मारायची वेळ येत नाही. वंदना एकदा सांगितलेलं विसरत नव्हती. नवरा गेल्यावर बत्तिसाव्या वर्षी तिने लायसन काढलं होतं. केळीच्या लिलावात माणसं आधी हसली, मग हसायची थांबली. घरी दोन मुली होत्या. या चावीवर सगळं घर चाललं होतं.

तिचा नवरा गोटू हासुद्धा कौतिकचाच चेला. दोन वर्षांपूर्वी याच घाटात त्याच्या गाडीचे ब्रेक फेल झाले होते.

"उस्ताद, एक विचारू?" वंदना समोर बघत म्हणाली. "हे घरी येऊन सांगायचे, उस्तादनं घाटातली कला शिकवली, आज गाडीनं अठरा दिला. सगळे ड्रायव्हर घाटात हेच करतात, मले माहीत आहे. मग मलेच का नाही शिकवत? बाई आहे म्हणून?"

"तसं नाही पोरी."

"मग कसं?"

कौतिकने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. "न्यूट्रलमध्ये सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात. मग कितीही पाय दाबला तरी गाडी थांबत नाही."

"भीती मलेही वाटते. इथून जाताना रोज वाटते." वंदनाने पदराने मान पुसली. "पण मी पोलिसांचा कागद दहा वेळा वाचला, उस्ताद. त्यात साफ लिहिलं आहे, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. त्या दिवशी ह्यांनी न्यूट्रल केलंच नव्हतं. गिअरमध्ये असून ब्रेक गेले. नशिबात होतं, झालं. त्यात न्यूट्रलचा काय दोष?"

कौतिक खिडकीबाहेर बघू लागला.

"आज चौदा-साडेचौदा पडेल. मले सोळा पाहिजे. ते या घाटातूनच निघतील." तिने आरसा बघितला आणि हँडब्रेक काढला. दांडा पुन्हा मधोमध आणला. "हळूहळू नेते. तुम्ही पाहिजे तर डोळे मिटून घ्या."

गाडी हलली. कौतिकने खसकन हात घालून हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि चावी काढून मुठीत धरली.

"उस्ताद!"

"त्या दिवशी मी गोटूच्या मागेच होतो," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी मीच पोचलो."

"माहीत आहे. तुम्हीच त्यांना बाहेर काढलं. जन्मभर विसरणार नाही मी."

"थांब. बोलू दे मले." मुठीतली चावी त्याच्या तळहातात रुतत होती. "त्याचा श्वास थांबला होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग दांड्याकडे बघितलं. वाटलं, आता पोलीस येतील, सेठ येईल. सगळे विचारतील, याले हे शिकवलं कोणी?"

वंदना त्याच्याकडे वळून बघत राहिली.

"तो कागद खोटा आहे, वंदना. त्याले बाहेर काढायच्या आधी मी आत हात घातला. तिसरा गिअर मी टाकला."