उंबऱ्यातले खिळे

चिंचेखालून धावत सुटलेली वेणू थेट घरात शिरली. तिचे दात वाजत होते.

“आत्या, हडळ! माझं नाव घेऊन हाक मारली तिनं.”

“भरदुपारी कशाला गेलीस तिकडं? आता घाबरू नको. उंबऱ्यात सात खिळे ठोकलेत, ती आत येत नाही,” तांदूळ निवडत आत्या म्हणाली.

“पण हडळ म्हणजे कोण गं?”

“बाळंतपणात मेलेली बाई. लेकरात जीव अडकतो, म्हणून फिरफिरून येते.”

बोलून गेल्यावर आत्याचा हात सुपातच थांबला.

वेणूनं आईच्या हार घातलेल्या फोटोकडं पाहिलं. “खिळे कधी ठोकले?”

“तू झालीस, त्या दिवशी.”

आत्या डोळे पुसत आत गेली. वेणूचं अंग अजून थरथरत होतं. तरी बाबांची पक्कड घेऊन ती उंबऱ्यापाशी बसली आणि पहिला खिळा ओढू लागली.