रेल्वेत सामान तोलत नाहीत

"विमान नको," पाटीवाले म्हणाले. "रेल्वेनंच जाऊ."

"अहो, बसून बसून अंग आंबेल," बायको म्हणाली. "डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलंय ना?"

"बसण्यात कसली आलीय दगदग? आणि विमानवाले सामान तोलतात. जरा वजन वाढलं की हुज्जत. रेल्वेत कोण विचारतंय?"

"तुमचं असं काय मोठं सामान आहे? चार सदरे आणि गोळ्यांचा डबा."

ते टेबलावरच्या नकाशाची घडी अंगठ्यानं सपाट करत बसले.

घरांच्या, दुकानांच्या दगडी पाट्या कोरण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून सगळी गल्ली त्यांना पाटीवालेच म्हणायची. देशाची हद्द दोघांनीही कधी ओलांडली नव्हती. वाटेत समुद्र लागतो, तिथे गाडीचे डबे बोटीत चढवतात आणि पलीकडे उतरवून पुन्हा रुळाला लावतात, हे त्यांना टिल्लूनं सांगितलं होतं. टिल्लू म्हणजे धाकटा मुलगा. तिकडेच पूल बांधायच्या कामावर होता. "एकदा याच तुम्ही," म्हणायचा. "पुढच्या वर्षी नक्की," असं हे दोघं म्हणायचे. पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

आता जायचं ठरलं होतं, कारण टिल्लू गेला होता. आणि पाटीवाल्यांना ते सांगितलेलं नव्हतं.

फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. पुलावरून पडला, जागच्या जागी गेला, आजच. ती तिथेच कोसळली. पातेलं घरंगळत गेलं. आतल्या खोलीत पाटीवाले झोपले होते. हृदयाचं ऑपरेशन होऊन जेमतेम घरी आले होते. थोड्या वेळानं ते दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाय घसरला."

त्यांनी तिला हात देऊन उठवलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. त्यांना धक्का सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग मायलेकींनी मिळून ठरवलं: इतक्यात सांगायचं नाही. टिल्लू लांबच्या कामावर गेलाय, तिथे फोन लागत नाही, एवढंच सांगायचं. तिकडच्या सोबत्यांनी त्याला तिथल्या रीतीनं पुलाच्या गावाबाहेरच्या टेकडीवर मातीत ठेवलं आणि डोक्याशी एक लाकडी खुंट रोवला.

पाटीवाल्यांनी सगळं पटकन मानलं. नंतर त्यांनी टिल्लूची साधी चौकशीसुद्धा केली नाही. तिला सुटल्यासारखं झालं. पण कधी कधी रागही यायचा. पोटचा पोरगा, आणि एकदासुद्धा विचारू नये? ती न्हाणीघरात नळ सोडून रडून घ्यायची आणि चेहरा धुऊन बाहेर यायची.

सहलीची कल्पना लेकीची. तीही रजा काढून बरोबर येणार होती. आधी समुद्र, मग तळी, मग डोंगर. बाबांना डोळे भरून सगळं बघू द्यायचं आणि शेवटी टेकडीच्या गावी नेऊन हळूच सांगायचं.

"हे गाव आधी घेतलं तर?" पाटीवाल्यांनी नकाशावर नेमकं तिथेच बोट ठेवलं. "समुद्र ओलांडला की लगेच आहे."

तिनं नकाशा पटकन आपल्याकडे ओढला. "तिथे काय आहे बघण्यासारखं? ते शेवटी."

"शेवटी म्हणजे तोवर सगळं ओझं वागवत फिरायचं."

"कसलं ओझं? चार सदऱ्यांचं?"

"बरं बाई, तू म्हणशील तसं," ते म्हणाले.

तिकिटं आली. निघायची तारीख त्यांनी आधी बायकोला विचारली, मग लेकीला.

"बाबा, आईनं सांगितली ना मघाशी?" लेक हसली.

"दगडावर खोडरबर चालत नाही. दोघांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी तारीख धरत नाही, माहितीय ना?"

"ही तिकिटं आहेत, पाटी नाही."

"सवय गं." मग बायकोकडे वळून ते म्हणाले, "तुझा पाय घसरला तो दिवस कुठला?"

"ते आता मधेच कशाला?"

"प्रवासात पाय दुखला तर तिकडच्या डॉक्टरला सांगावं लागेल."

तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीलाही तेच विचारलं. माझ्या पायाची मेली एवढी काळजी, आणि पोराची आठवणसुद्धा नाही, असं तिच्या मनात आलं.

त्या आठवड्यात ते दुपारी गुपचूप दुकानात जाऊ लागले. डॉक्टरांनी छिन्नी हातात धरायची नाही म्हणून सांगितलेलं. घरी यायचे तेव्हा भुवयांवर पांढरी भुकटी असायची.

"जिवावर उदार झालात का?" ती एकदा चिडलीच.

"एक काम अंगावर होतं. दुसऱ्या कुणाला देण्यासारखं नव्हतं. आता संपलं."

"गिऱ्हाईक थांबलं नसतं का?"

"थांबलंय की. बरेच दिवस थांबलंय."

निघायचा दिवस आला. लेक रिक्षा आणायला गेली होती, पाटीवाले आंघोळीला. त्यांची बॅग पलंगाखाली होती. कालपासून तिला कुणी हात लावलेला त्यांना चालत नव्हता. गोळ्यांचा डबा बाहेरच राहिलेला दिसला, तेव्हा तो आत टाकावा म्हणून तिनं बॅग ओढली. बॅग हलेना. दोन्ही हात लावले तेव्हा जेमतेम सरकली.

तिनं खाली बसून चेन उघडली. वर सदरे होते. सदऱ्यांखाली जुन्या टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिनं टॉवेल बाजूला केला.

वहीएवढा काळा दगड होता. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. त्यावर नाव कोरलं होतं. कागदपत्रांतलं नाही, घरातलं: टिल्लू.

खाली एकच तारीख होती. ती स्वयंपाकघरात पडली त्या दिवसाची.