गाडीचा आवाज

"इंजिन कोन धुतं हो, फ्लॉसीबाय?" अर्नाळ्याच्या धर्मा मिस्त्रीने गाडीखालूनच विचारलं.

फ्लॉसी रॉकेलचा डबा घेऊन बाजूला उभी होती. "मी धुते. दर शनिवारी. युजीन जाताना सांगून गेलाय, गाडी स्वच्छ ठेव म्हणून."

"कुठल्या पान्यानं?"

"विहिरीच्या. आणखी कुठल्या?"

धर्मा सरपटत बाहेर आला आणि कपाळाला हात लावून बसला. राजोडीच्या त्या विहिरी! समुद्र हाकेच्या अंतरावर, पाणी असं खारट की डाळ शिजायची नाही. तेच पाणी या बाईने चार वर्षं बादल्या भरभरून इंजिनावर ओतलं होतं, वर प्रेमाने फडकं मारलं होतं. आता बोला! डोळ्यांत तेल घालून जपली तिनेच आणि गंजवलीही तिनेच. ज्या बोल्टांवर इंजिन बसलं होतं ते झिजून अर्धे झाले होते. मागच्या रविवारी धर्माने गाडी चालू करून पाहिली, तर इंजिन असं थडथडलं की त्याने घाबरून बंदच केली.

गाडी तरी कसली? पुढून फियाट, मागून टेम्पो. फ्लॉसीच्या नवऱ्याने, युजीनने, मागची सीट कापून केळीचे घड ठेवायला फळ्या ठोकल्या होत्या आणि मोडीत निघालेल्या कुठल्याशा टेम्पोचं डिझेल इंजिन पुढे बसवलं होतं. सगळा गाव हसला. हसेना का! गाडी चालली. संध्याकाळी देवळाच्या वळणावर तिची खडखड ऐकू आली की फ्लॉसी चहाचं आधण ठेवायची.

मग युजीन बहारीनला गेला. दोन वर्षांत येतो म्हणाला. लिहायचा त्याला कंटाळा, म्हणून कॅसेट भरून पाठवायचा. गेल्या महिन्यातल्या कॅसेटमध्ये म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतोय. गाडी विकून टाक. आता कोण चालवणार ती?"

फ्लॉसीचं त्या दिवशी स्वयंपाकात मन लागलं नाही. खरं सांगायचं तर तिला गाडीचं काही पडलं नव्हतं. तिला नवरा हवा होता. घरात, समोर, ताटावर बसलेला. पण ज्याला आपल्या हातची गाडी नकोशी झाली, त्याला घर कितीसं हवं असणार? म्हणून तिने ठरवलं, त्याला गाडी ऐकवायची. शेजारचा मार्सेल उद्या बहारीनला निघाला होता. गाडीचा आवाज भरलेली कॅसेट त्याच्याबरोबर जाणार होती.

"तुझं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही," सासू थेरेसा ओट्यावर लसूण सोलता सोलता म्हणाली. "गाडीचं ऐकेल होय गो तो?"

"ऐकेल, आई. जेवण टाकून तिच्याखाली शिरायचा, विसरलात?"

धर्माने फणसाचा ओंडका सरकवून इंजिनाचा भार त्यावर घेतला. जुन्या बोल्टांवर रॉकेल ओतलं, हातोडी मारली, पान्याला पाइप लावून जोर केला. दोन निघाले. एकाचं डोकंच तुटून हातात आलं. शेवटचा करवतीने कापावा लागला. नव्या बोल्टांना त्याने ग्रीस फासलं, खाली जाड वॉशर घातले आणि दातओठ खात आवळले. मग हात पुसून किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं. एका लयीत, मऊ. खडखड नाही, थडथड नाही.

"ऐका!" धर्मा खुशीत म्हणाला. "नवीन असताना पन अशी चालली नसेल."

फ्लॉसी टेपरेकॉर्डर हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिने बटण दाबलंच नाही.

"काय झालं?"

"ही आमची गाडी नाही."

"अहो, तुमच्यासमोर..."

"आवाज आमचा नाही, धर्माभाऊ. आमची खडखडायची, डाव्या अंगाने. हा ऐकून तो म्हणेल, कुणाच्या तरी टॅक्सीचा आवाज भरून पाठवला. त्याला ओळखू यायला नको?"

"ती खडखड घालवायलाच मी सकाळपासून खपतोय ना!"

"एक ढिला करा. एकच."

"ऐका गो बाय!" थेरेसा म्हणाली. "लोक बोल्ट आवळून घेतात, आमची सून ढिला करून मागते."

धर्मा पुटपुटत वाकला. डाव्या अंगाच्या बोल्टाला पाना लावून त्याने थोडा फिरवला. काही नाही. आणखी थोडा फिरवला. आणि अंगणात ती जुनी खडखड सुरू झाली.

थेरेसाच्या मांडीवरचा लसूण खाली सांडला. म्हातारी उठून उभी राहिली आणि सवयीने देवळाच्या वळणाकडे बघायला लागली.

फ्लॉसीने बटण दाबलं. टेपरेकॉर्डर इंजिनाजवळ धरला. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. तुम्हीपण बोला काहीतरी, असं धर्माने खुणेने सांगितलं. तिने मानेनेच नको म्हटलं.

शेवटी तिने बटण बंद केलं. धर्माने इंजिन बंद करून पाना उचलला. "आता आवळतो. असाच ठेवला तर हा बाकीच्यांना पन ढिलं करेल."

फ्लॉसीने पुढे होऊन बॉनेट खाली ओढलं.

"तेवढा एक राहू द्या," ती म्हणाली. "तो आला की आवळेल."