उभ्यानं कापायची मोरली

गुडघे गेल्यामुळे आवडाबाईंना खाली बसून मोरलीवर, म्हणजे विळीवर, मासळी कापणं जमेना. डोंबिवलीच्या बाजारातली जागा सोडणार होत्या. मी मानपाड्याच्या माझ्या लोहारकामाच्या शेडमध्ये ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तापवला, ठोकला, मोरलीसारखंच बाकदार पातं घडवून ओट्यावर ठेवायच्या फळीत बसवलं, उभ्यानं कापता यावं म्हणून. धार पुन्हापुन्हा पाहिली, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. बाजारात त्यांनी पात्याला जिताडा मासा लावला, तर फळीच सरकली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. “खालची मोरली पायाखाली दाबतो आमी. इथं पाय कुठं ठेवू, भाऊ?” त्या म्हणाल्या. “भाऊ पायच इसरले!” शेजारची कोळीण हसली. खरंच विसरलो होतो. पळून जावंसं वाटलं. पण त्या मासळी आवरू लागल्या. मी दोन्ही हातांनी फळी दाबली. “उद्या बोल्ट लावतो. आज कापा.” जिताडा सरकन चिरला गेला. “हलू नका, भाऊ, अजून टोपली भरलेली हाय.”