खुर्चीची उंची

दुपारी दोनला पाळी बदलली, तेव्हा सुपरवायझरने नणंद-भावजयीला मशीनपाशीच गाठलं.

"एका जागेवर दोघी आता चालणार नाहीत. एकीलाच ठेवायचंय. तुम्हीच आपसात ठरवा आणि पाळी सुटताना सांगा. नाहीतर मला ठरवावं लागेल."

"आणि नोटीस?" वहिनीने विचारलं.

"अर्ध्या जागेला नोटीस नाही. नवा कायदा आहे." तो पुढच्या मशीनकडे वळला.

गाड्या धडाधड खपत होत्या तेव्हा सीट-कव्हरं शिवायला दोघींना दोन मशीन होती. खप आटला, तशी कारखान्याने एकच जागा दोघींत वाटून दिली. सकाळी नणंद, दुपारी वहिनी, पगार निम्मा-निम्मा. एकीने घरी बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून दोघींनी मुकाट सह्या केल्या. नणंद इतकी बुटकी की घरात तिला सगळे चिमीच म्हणत, वहिनी ताडमाड. उठणारीने खिट्टी ओढून खुर्ची दुसरीच्या मापाला लावून जायचं, हे न बोलताच ठरून गेलं होतं.

"तुझ्याकडे दादाचा पगार तरी आहे," अंगावरचे धागे झटकत चिमी म्हणाली.

"कसला पगार? गोदामातून फोन आला तर काम, नाहीतर नाही. या आठवड्यात एकदाच फोन वाजला. तो तुझा होता, साखर आहे का विचारायला."

चिमीला हसू आलं, तसंच विरलं. "माझी दोन पोरं माझ्या एकटीच्या जिवावर आहेत, वहिनी."

"मला ठाऊक नाही होय?"

"मग तूच सांग सुपरवायझरला, कोण राहणार ते."

"मीच का? मोठी म्हणून?"

चिमीने डबा पिशवीत टाकला, चष्मा पुसून ठेवला. मग रोजच्यासारखी वाकली, खिट्टी ओढून खुर्ची वर केली आणि मागे न बघता निघून गेली.

वहिनी बसली. खुर्ची अगदी तिच्या मापाची होती. पाळीभर तिने मान वर केली नाही. एकही टीप वाकडी गेली नाही.

भोंगा झाला. वहिनी उठली, खुर्ची खाली करायला वाकली, तोच सुपरवायझर येऊन उभा राहिला.

"ठरलं का?"

खुर्ची अजून वरच होती. वहिनीचा हात खिट्टीवर होता.