अक्काची लाइफ

टीव्हीवरचा तो बंदुकीचा गेम मी आणि माझा धाकटा भाऊ गुरू मिळून खेळायचो. आपल्या लाइफ संपल्या की त्यात जोडीदाराची एक घेता यायची. गुरूच्याच कायम आधी संपायच्या आणि तो खुशाल माझी घ्यायचा. मी ओरडले की हसायचा, "अक्का, तुझ्याकडं लई हायत की!"

गुरूला जाऊन वर्ष झालं. यंदा गड्ड्याच्या जत्रेतून माझ्या लेकीनं, साक्षीनं, तोच गेम आणला. हातात मावणारा, एकट्यानंच खेळायचा.

काल ती चुलीपाशी आली. "आई, हा बिघडलाय. मी मेलेच नाही, तरी एक लाइफ कमी झाली."

तव्यावरची भाकरी तशीच करपली.



"बिघडला न्हाय गं. तुझ्या मामाला विचारून घ्यायची सवयच नव्हती."